रंगावरून खचलेल्या भाचीला काय वाचायला द्यावं?

तुमची दहावीतली भाची सावळ्या रंगावरून टोमणे ऐकून अबोल झाली आहे आणि तिला आत्मविश्वास देणारं पुस्तक हवंय, असं तुम्ही विचारलंय. ‘स्वतःवर प्रेम करा’ छापाची पुस्तकं कृपया देऊ नका. दोष आपल्यातच आहे, असं पोरींना त्यातून आणखी वाटतं.

अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांची ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) ही कादंबरी आधी तुम्ही वाचा. तिच्यात लैंगिक अत्याचाराचा भाग आहे, त्यामुळे थेट भाचीच्या हातात नको. पिकोला ही कृष्णवर्णीय मुलगी निळे डोळे मिळावेत म्हणून प्रार्थना करते. शर्ली टेंपल या हॉलिवूडच्या गोऱ्या बालतारकेचं चित्र असलेल्या कपातून दूध पिऊन तिचं मनच भरत नाही. क्लॉडियाही कृष्णवर्णीय, त्याच गावातली. ती मात्र भेट मिळालेली निळ्या डोळ्यांची बाहुली मोडून बघते, सगळ्यांना आवडतं ते हिच्यात नक्की आहे तरी काय? मला वाटतं, फरक घराचा आहे. क्लॉडियाची आई तोंडाने फटकळ, पण आजारी लेकीच्या छातीला व्हिक्स चोळणारी. पिकोलाला आईच दूर लोटते.

आपल्याकडे वेगळं काय आहे? पंचवटीत काळारामाच्या काळ्या पाषाणातल्या मूर्तीपुढे आपण भक्तीने हात जोडतो आणि मुलासाठी स्थळ बघताना गोरीच मुलगी मागतो. हे भाचीशी मोकळेपणाने बोला. आणि घरात कुणी हळद-बेसनाचा लेप सुचवला, तर तिच्यासमोरच त्यांना थांबवा.