शाळेच्या आवारात निवृत्त मिग-२१ लढाऊ विमान ठेवलं, तर बेळगावजवळच्या खानापूरच्या पावसात टिकेल का?

टिकेल, पण रंगाच्या आधी पाण्याचा विचार करा. विमानाचं अंग बहुतांशी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून करून आणलेला लोखंडी स्टँड त्याला थेट भिडला, की ओलाव्यात आधी ॲल्युमिनियम गंजतं. मध्ये निओप्रीन रबराची जाड पट्टी घालाच. नाक किंचित वर ठेवा म्हणजे पाणी मागे वाहील. पोटाखालची निचऱ्याची भोकं मोकळी हवीत. रंगकामात ती हमखास बुजतात आणि आतल्या फ्रेम गंजायला लागतात. पुढचं-मागचं तोंड जाळीनं बंद करा, नाहीतर पाखरं घरटी करतात. ताडपत्री नको, आत दमटपणा कोंडतो.

वजन टायरवर सोडू नका, जॅक लावायच्या जागांवर घ्या. इंजिन मागे असतं. ते काढलेलं असेल तर तोल पुढे सरकतो, क्रेनचे पट्टे त्या हिशेबानं बांधा.

आणि हे अजिबात टाळू नका: इजेक्शन सीट (वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची) व कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) यांची स्फोटक काडतुसं काढल्याचा लेखी दाखला हवाई दलाकडून मिळेपर्यंत एकाही मुलाला कॉकपिटमध्ये बसवू नका. कॉकपिटमधल्या जुन्या उपकरणांच्या तबकड्यांवर किरणोत्सारी रेडियमचा रंग असू शकतो, त्यांच्या फुटलेल्या काचेला हात लावू नका.