बेने इस्रायली आजोबांची मराठी पत्रं आणि वह्या इस्रायलमध्ये कुठे जपायला द्याव्यात?

जेरुसलेमच्या 'ज्यू लोकांच्या इतिहासाचं केंद्रीय अभिलेखागार' इथे आधी विचारा. १९३९ साली सुरू झालेली ही संस्था आता इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा भाग आहे. मी जुन्या कागदांच्या जतनाचं काम करतो, म्हणून कळकळीने सांगतो: लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, पण पत्र त्याच्या पाकिटातच राहू द्या. अलिबागच्या किंवा पेणच्या पोस्टाचा शिक्का कधी कधी तारखेचा एकमेव पुरावा असतो. सिनेगॉगच्या जमाखर्चाच्या वह्या, मोडीतले चिठोरेही टाकू नका. मात्र मूळ कागद देण्याआधी सगळ्याचे स्कॅन ठेवा, आणि हयात माणसांची खासगी पत्रं किती वर्षं बंद ठेवायची ते करारात लिहून घ्या.