नळी काढताना खोकला आला, म्हणजे भूलतज्ज्ञाची चूक का?

वडिलांचं दुर्बिणीतून हर्नियाचं ऑपरेशन झालं, भुलीसाठी श्वासनलिकेत घातलेली नळी काढताना ते फार खोकले, सर्जन म्हणाले ‘भूलवाल्यांनी घाई केली’. आता दुसऱ्या बाजूचं आहे, तर काय सांगायचं, असा तुमचा प्रश्न. हे वाक्य सोलापुरातल्या थिएटरांत मी वर्षानुवर्षं ऐकतोय.

घाई कुणाची? शेवटचा टाका पडायच्या आत ‘पुढचा पेशंट घ्या’ सुरू होतं. पेशंट अर्धवट जागा, श्वासनलिका सगळ्यात चिडकी असते ती नेमकी तेव्हा. त्याच वेळी कुणी पट्टी दाबतं, कुणी टेबलावरून सरकवतं, मावशी गालावर चापट्या मारत ‘ओ बाबा, डोळे उघडा’ करतात. नळी घशात हलली की खोकला आलाच.

लाळ सक्शनने ओढायची ती पेशंट गाढ असतानाच. मग हात लावायचा नाही, नुसती नावाने हाक. डोळे उघडले, श्वास नीट आहे, की नळी बाहेर. त्याच्या दोनेक मिनिटं आधी शिरेतून लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध, किलोला १ ते १.५ मिलिग्रॅम, ६० किलोच्या माणसाला २ टक्क्यांचं ३ ते ४.५ मिली. जाग यायला पंधरा मिनिटं लागली तर ते वाया गेलं. डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचं औषधही चालतं, किलोला ०.५ मायक्रोग्रॅम दहा मिनिटांत, पण नाडी उतरते आणि जाग उशिरा येते. मग पुन्हा ‘अजून किती वेळ?’

नळीच्या आतल्या टोकाशी हवेने फुगवायचा फुगा असतो, त्याच्याकडे मात्र कुणी बघत नाही. १० मिलीच्या सिरिंजने हवा कोंबतात. बाहेरचा छोटा फुगा बोटांना टणक लागला, की आत श्वासनलिकेचं अस्तर चेपलंय समजा. फुग्यातला दाब मापकावर २० ते ३० सेंटिमीटर पाणी, बस. नायट्रस हा भुलीचा वायू चालू असेल तर तो फुग्यात शिरून दाब वाढवतो, म्हणून परत मोजायचा. नळीला लिग्नोकेन जेली फासून खोकला थांबत नाही.

हार्ट ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या वहनातला अडथळा, रक्तवाहिनीतला नव्हे) असेल तर लिग्नोकेन नको. सर्जननी जखमेत बुपिवाकेन हे बधिर करणारं औषध भरलं असेल तर दोन्हींच्या डोसची बेरीज धरायची. गाढ भुलीतच नळी काढणं भरल्या पोटी किंवा नळी टाकायलाच अवघड गेली असेल तर नको. थोडा खोकला हवाही. लाळ फुप्फुसात जाऊ देत नाही तो.

वडील यंत्रमागावर होते, बिडी ओढतात, हे तुम्ही शेवटी सहज लिहिलंय. भूलतज्ज्ञाला ते आधी सांगा. बिडी निदान चार आठवडे आधी बंद. आणि उघड्या पद्धतीने केलं तर हर्निया स्पायनलमध्येही (पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर करून) होतो, नळीच लागत नाही. सर्जननी हा पर्याय सांगितला होता का, तेवढं विचारून पाहा.