वाचक विचारतात : केजन हा मसाला, की माणसं?

मागच्या अंकात गंबोची, म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियानाच्या दाट रश्श्याची कृती दिली आणि प्रश्नांचा ढीगच आला. बहुतेकांना कृतीपेक्षा हे सगळं आलं कुठून यातच जास्त रस दिसतोय, तेव्हा यावेळी कृती नाही, नुसती उत्तरं. सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : आमच्याकडे केजन मसाल्याची डबी आहे, तिखट आणि लसूण पावडर वगैरे घातलेली. हा मसाला मूळचा फ्रान्सचा का?

उत्तर : डबी जरा बाजूला ठेवा. केजन ही माणसं आहेत हो. सतराव्या शतकात फ्रान्समधली काही शेतकरी कुटुंबं आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या भागात जाऊन राहिली, त्या मुलखाला अकेडिया म्हणायचे आणि त्यांना अकेडियन. 1713 ला तो भाग ब्रिटिशांकडे गेला, यांनी ब्रिटिश राजाशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला, आणि मग 1755 पासून घरं जाळून, माणसं जहाजांत कोंबून दहा हजारांच्या वर लोकांना देशोधडीला लावलं. कितीतरी जण वाटेतच बुडून नाहीतर रोगराईनं गेले. जे उरले त्यातले काही फिरत फिरत आजच्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियानात पोचले. 1765 ला जोझेफ ब्रूसार नावाच्या पुढाऱ्याबरोबर दोनेकशे जण आले, आणि 1785 ला तर फ्रान्समध्ये अडकलेले सोळाशेच्या आसपास लोक सात जहाजांतून आले. लुइझियाना तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. अकेडियनचं झालं केडियन आणि इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी केजन.

आता गंमत बघा, हे लोक अकेडियात काय खायचे तर कोबी, सलगम, वाटाणे, खारवलेलं डुकराचं मांस आणि गव्हाचा ब्रेड. म्हणजे तिखटाशी काही संबंधच नाही! लुइझियानाच्या दमट, दलदलीच्या जमिनीत गहू नीट येईना, मग मका आणि तांदूळ जवळ केले. जुन्या घरातून आणलं काय, तर एकाच भांड्यात मंद आचेवर तासन्तास शिजवायची सवय. बाकी जवळजवळ सगळं शेजाऱ्यांकडून शिकलेलं.

प्रश्न : गंबो म्हणजे फ्रेंच माशाच्या सुपाचंच बदललेलं रूप असं वाचलं. खरंय का?

उत्तर : मला नाही पटत. नावच सांगतंय ना. आफ्रिकेतल्या बांटू भाषांमध्ये भेंडीला कि-न्गोंबो असा शब्द आहे आणि फ्रान्समध्ये आजही भेंडीला गोम्बो म्हणतात. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांबरोबर भेंडी आली, ती घालून रस्सा दाट करायची पद्धत आली, आणि तो भातावर ओतून खायचा हेही तिकडचंच. काहीजण मात्र नाव चोक्टॉ या तिथल्या मूळ रहिवाशांच्या कोंबो शब्दावरून आलं म्हणतात. कोंबो म्हणजे सॅसाफ्रास झाडाची पानं वाळवून केलेली पूड, जिला आता फिले म्हणतात. वाद चालू राहू दे, पण दोन्हीतला एकही दावेदार फ्रेंच नाही हे लक्षात घ्या.

फ्रेंच काय आहे तर रू. पीठ आणि चरबी एकत्र परतायची. फ्रान्समध्ये लोण्यात करतात आणि बहुतेक वेळा पांढरी-पिवळसर असतानाच थांबतात. केजन घरात लोणी कुठलं एवढं, तिथे डुकराची चरबी नाहीतर तेल, आणि भाजायचं म्हणजे किती, तर थेट चॉकलेटच्या रंगापर्यंत! लाडवाचं बेसन भाजताना कसं एका जागी उभं राहून हात चालू ठेवावा लागतो अगदी तसंच, फक्त हे पातळ असतं आणि अंगावर उडालं तर भाजतं जबरदस्त. पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, मग कच्च्या पिठाचा वास जाऊन शेंगदाणे भाजल्यासारखा वास सुटतो, रंग तांब्याच्या भांड्यासारखा होतो, आणि तिथून पुढे फोनकडे बघितलंत की संपलं. काळे ठिपके दिसले म्हणजे करपलं, ते टाकूनच द्यायचं, वाचवायच्या भानगडीत पडू नका. (मी पडले होते. अख्खं पातेलं कडू झालं.) रंग जमला की लगेच कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची घालायची म्हणजे भाजणं तिथेच थांबतं. या तिघांना तिथे ट्रिनिटी म्हणतात. फ्रान्समध्ये ढोबळीच्या जागी गाजर असतं.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. पीठ जितकं काळपट भाजाल तितका त्यातला स्टार्च मोडतो आणि दाटपणा कमी होतो. म्हणजे केजन रू चव देते, रंग देते, पण रस्सा म्हणावा तसा आळत नाही, आणि नेमकी तिथे आफ्रिकेची भेंडी नाहीतर चोक्टॉंचं फिले कामाला येतं. पूर्वी उन्हाळ्यात ताजी भेंडी घालायचे आणि थंडीत ती नसली की फिले, दोन्ही एकदम घालणाऱ्याकडे जुनी माणसं जरा वाकड्या नजरेनंच बघतात. फिले गॅस बंद केल्यावरच घाला. उकळलं तर रस्सा तार धरतो.

प्रश्न : जंबालाया, म्हणजे मांस घालून केलेला तिथला भात, हे नाव हॅमच्या फ्रेंच नावावरून पडलं ना?

उत्तर : ती गोष्ट ऐकायला छान आहे, पण मागून रचलेली वाटते. दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्साल भाषेत जंबालाया शब्द आधीपासून आहे, अर्थ सरमिसळ, खिचडीच म्हणा ना. पदार्थाचे नातेवाईक बघायचे तर एका बाजूला स्पेनचा पाएया आणि दुसऱ्या बाजूला पश्चिम आफ्रिकेचा जोलोफ भात.

लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या जुन्या मिश्र वस्तीच्या लोकांचा, म्हणजे क्रिओल जंबालाया टोमॅटोमुळे लाल असतो, केजन लोकांचा तपकिरी. तो रंग येतो कशातून, तर बिडाच्या भांड्यात मांस परतत परतत तळाला मुद्दाम धरू द्यायचं, मग पाणी घालून ते खरवडून काढायचं आणि त्यातच तांदूळ शिजवायचे. तळाला लागलेलं हेच खरं भांडवल.

प्रश्न : क्रिओल आणि केजन यात फरक काय, एका वाक्यात सांगा.

उत्तर : क्रिओल शहरातलं, केजन गावाकडचं. पूर्ण खरं नाही, पण एका वाक्यात एवढंच बसतं.

प्रश्न : आंदुई सॉसेज फ्रान्समध्ये खाल्लं होतं, आतड्यांचं होतं आणि वास सहन झाला नाही. लुइझियानात पण तेच असतं का?

उत्तर : नाव तेच, माल वेगळा. लुइझियानात डुकराच्या खांद्याचं मांस जाडसर चिरून, भरपूर लसूण घालून धुरी देतात. आंदुईसाठी प्रसिद्ध असलेलं लाप्लास गाव मिसिसिपीच्या काठावर ज्या पट्ट्यात आहे त्याचं नावच जर्मन कोस्ट. 1720 च्या दशकात, म्हणजे अकेडियन यायच्या कितीतरी आधी, तिथे जर्मन शेतकरी वसले होते, आणि सॉसेज म्हटलं की जर्मन आलेच.

बूडॅन या दुसऱ्या सॉसेजचंही असंच. फ्रान्समधल्यासारखं रक्ताचं नाही, तर मांस, काळीज, पातीचा कांदा आणि भात कोंबलेलं. फ्रीज नव्हते तेव्हा थंडीत एकेका घरी पाळीपाळीने डुक्कर कापायचे, सगळी आळी जमायची, त्याला बूशरी म्हणतात, आणि मांस नासायच्या आत वाटून संपवायचं असायचं. भात घातला की तेवढ्याच मांसात चार तोंडं जास्त जेवतात. आज बूडॅन चक्क पेट्रोल पंपावर मिळतं, लोक गाडीत बसल्या बसल्या एक टोक तोंडात धरून दाताने आतलं सारण ओढून खातात आणि साल टाकून देतात. पहिल्यांदा बघितलं की जरा कसंतरीच वाटतं.

प्रश्न : क्रॉफिश एतुफे किती जुना पदार्थ आहे?

उत्तर : क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला लॉबस्टरसारखा दिसणारा छोटा जीव, तो खाणं जुनं, प्रतिष्ठा नवी. चिखलातला जीव, गरिबाचं खाणं अशीच त्याची ओळख होती, 1959 ला ब्रो ब्रिज गावाला क्रॉफिशची जागतिक राजधानी असा सरकारी किताब मिळाला आणि पुढच्या वर्षी महोत्सव सुरू झाला तोपर्यंत वारं फिरलं होतं. एतुफे म्हणजे गुदमरवलेलं, झाकण ठेवून स्वतःच्याच रसात शिजवलेलं. आता भाताच्या खाचरातच कापणीनंतर पाणी सोडून क्रॉफिश वाढवतात, एकाच शेतात भात आणि त्यावरचा रस्सा! दंतकथा अशी की अकेडियन लोकांच्या प्रेमापोटी लॉबस्टर नोव्हा स्कोशियाहून त्यांच्या मागे मागे पोहत आले, आणि प्रवासात झिजून झिजून एवढेसे झाले.

प्रश्न : मग ब्लॅकन्ड फिश तरी पारंपरिक आहे का? आणि तिखट आलं कुठून?

उत्तर : नाही. पॉल प्रुडोम हा अस्सल केजन शेफ, तेरा भावंडांतला धाकटा, त्याने 1979 ला न्यू ऑर्लिन्समध्ये रेस्टॉरंट काढलं आणि पुढच्या एक-दोन वर्षांत हा पदार्थ तिथेच जन्माला आला. रेडफिश नावाचा मासा घ्यायचा, वितळलेल्या लोण्यात बुडवायचा, मसाल्यात घोळवायचा आणि धूर निघेपर्यंत तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाकायचा. खेड्यातल्या कुठल्याच आजीने असा मासा केलेला नाही. पण याची एवढी क्रेझ आली की रेडफिश संपायला लागले आणि 1980 च्या दशकातच मेक्सिकोच्या आखातात त्यांच्या व्यापारी मासेमारीवर बंदी घालावी लागली. तुमची ती मसाल्याची डबी त्याच लाटेतली.

मिरची अर्थात त्याआधीपासून होतीच, पण तिथला सगळ्यात प्रसिद्ध तिखट सॉस टबॅस्को, 1868 पासूनचा, तो काढला एडमंड मॅकिलहेनी यांनी, आणि ते मूळचे मेरीलँडचे, पेशाने बँकर. केजन नव्हेतच!

प्रश्न : गंबोबरोबर भात नको असेल तर काय?

उत्तर : बटाट्याचं सॅलड. खरंच, बऱ्याच केजन घरांत गरम गंबोच्या वाडग्यात मधोमध गार पोटॅटो सॅलडचा गोळा टाकतात. मी आधी नाक मुरडलं होतं, आता भाताला हात लावत नाही.