केंद्र सरकारचा कारभार नेमका चालतो कसा? सगळं आयएएस लोकच बघतात का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, मंत्र्याच्या खाली कोण कोण असतं, सगळं आयएएसच चालवतात का, आणि आपला कलेक्टर केंद्राचा माणूस की राज्याचा. मी दिल्लीत एका मंत्रालयात बरीच वर्षं खुर्ची झिजवलीये, स्टाफ सिलेक्शनची परीक्षा देऊन असिस्टंट म्हणून लागलो (आता त्याच पोस्टला असिस्टंट सेक्शन ऑफिसर म्हणतात), त्यामुळे मी खालून वर सांगतो, कारण फाईल पण खालूनच वर जाते.

समजा एखाद्या राज्याने कुठल्यातरी योजनेत जादा पैसे मागितले. पत्र मंत्र्यांच्या नावाने येवो की सचिवांच्या, फिरत फिरत येतं शेवटी सेक्शनमध्येच, म्हणजे मंत्रालयातल्या सगळ्यात खालच्या कक्षात. तिथे डायरी नंबर (आवक नंबर) पडतो आणि ते डीलिंग हँडच्या टेबलावर येतं, म्हणजे माझ्यासारख्याच्या. कागदी फाईल होती तेव्हा उजव्या बाजूला पत्रव्यवहार आणि डाव्या बाजूला हिरवी नोटशीट असायची, आता ई-ऑफिसमध्ये सगळं स्क्रीनवर आहे पण डावी उजवी बाजू तशीच ठेवलीये. मी नोट लिहायची, की मागणी काय, नियम काय, आधी काय झालंय, काय करता येईल. मग सेक्शन ऑफिसर, अंडर सेक्रेटरी, डेप्युटी सेक्रेटरी किंवा डायरेक्टर, जॉइंट सेक्रेटरी, अॅडिशनल सेक्रेटरी, सेक्रेटरी आणि मंत्री. प्रत्येक फाईल एवढ्या सगळ्या पायऱ्या चढत नाही, बऱ्याचशा डायरेक्टर किंवा जॉइंट सेक्रेटरीकडेच निकालात निघतात. पैशाचा विषय असला की मध्ये फायनान्स डिव्हिजनकडे चक्कर ठरलेली, आणि तिथून शंका काढून परत आली नाही असं क्वचितच.

माझी पहिली मोठी नोट मला अजून आठवते. अडीच पानं लिहिली होती, जाम खूश होतो स्वतःवर. दोन दिवसांनी फाईल परत आली, मार्जिनमध्ये डायरेक्टर साहेबांचे दोनच शब्द, 'प्लीज स्पीक'. धावत वर गेलो तर त्यांनी एकच विचारलं, की याआधी असं कोणी मागितलं होतं का आणि तेव्हा आपण काय केलं. मी बघितलंच नव्हतं! मग रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात बसलो आणि दुसऱ्या दिवशी जुनी फाईल सापडली, दुसऱ्या एका राज्याला आपणच नाही म्हटलेलं. माझ्या अडीच पानांचा अर्थच बदलला. तेव्हापासून नोट लिहायच्या आधी जुनी फाईल, हे डोक्यात पक्कं बसलं.

आता आयएएसचं. मंत्रालयात ते बहुतेक वरच्या मजल्यावर, आणि त्यातले बरेच पाहुणे. आपापल्या राज्याच्या केडरमधून (म्हणजे ज्या राज्याला वाटून दिलेत तिथल्या अधिकाऱ्यांच्या गटातून) डेप्युटेशनवर, ठरावीक काळापुरते येतात, डायरेक्टर किंवा जॉइंट सेक्रेटरी झाले तर साधारण ५ वर्षं, मग परत. सेक्शन ऑफिसर, अंडर सेक्रेटरी हे बहुतेक सेंट्रल सेक्रेटरिएट सर्व्हिसचे, आयुष्य दिल्लीतच काढणारे, त्यातले काही पुढे डायरेक्टरही होतात. साहेब बदलतात, विषयाची आठवण सेक्शनमध्ये राहते. निर्णय साहेबच घेतात, त्यात वाद नाही, पण त्यांच्यासमोर पर्याय कोणते ठेवायचे हे पुष्कळदा पहिल्या नोटमध्येच ठरून जातं. आणि वर सगळीकडे आयएएसच असतात असंही नाही, परराष्ट्र सचिव फॉरेन सर्व्हिसचे, इन्कम टॅक्स बोर्डावर रेव्हेन्यू सर्व्हिसवाले, पोस्टाची वेगळी सर्व्हिस, ऑडिट अकाउंट्सची वेगळी.

जाता जाता, मुंबईच्या मंत्रालयातले सहसचिव आणि दिल्लीतले जॉइंट सेक्रेटरी एकच समजू नका, नाव सारखं पण वजनात फार फरक. दिल्लीत जॉइंट सेक्रेटरी म्हणजे अख्ख्या विंगचा मालक, आयएएस असेल तर तिथे पोचायला १५ वर्षांच्या वर नोकरी लागते.

कलेक्टरचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. आयएएस, आयपीएस आणि फॉरेस्ट सर्व्हिस या तीन अखिल भारतीय सेवा, घटनेच्या कलम ३१२ खालच्या. भरती यूपीएससी करते, नेमणूक केंद्राची, पण केडर राज्याचं, म्हणजे रोजचं काम, पगार, बदली राज्याकडे. राज्य सरकार कलेक्टरला सस्पेंड करू शकतं, नोकरीवरून काढून टाकायचं असेल तर मात्र ते केंद्रच करू शकतं. गंमत म्हणजे तिन्ही सेवांचे मालकही वेगळे, आयएएसचं बघतं कार्मिक खातं (ते पंतप्रधानांकडे असतं), आयपीएसचं गृह मंत्रालय आणि फॉरेस्टवाल्यांचं पर्यावरण मंत्रालय.

कुठल्या मंत्रालयाने काय बघायचं हे १९६१ च्या कामकाज वाटपाच्या नियमांत लिहिलेलं आहे. कंटाळवाणं वाचन आहे पण दोन मंत्रालयांचं 'हे आमचं नाही, तुमचं' सुरू झालं की सगळे तेच उघडून बसतात. आणि आदेश निघतो तो राष्ट्रपतींच्या नावाने, खाली सही मात्र बऱ्याचदा अंडर सेक्रेटरीची. आपल्याकडे जीआरच्या शेवटी 'राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असतं ना, तसंच.

तुमचा स्वतःचा अर्ज कुठे अडकला असेल तर मंत्र्यांना पाचवं पत्र पाठवण्यापेक्षा डायरी नंबर आणि सेक्शनचं नाव शोधा. निर्णय झाला असेल तर १० रुपयांची आरटीआय टाकून नोटशीटची कॉपी मागा, पानाला २ रुपये पडतात. शेवटच्या पानावरची सही सगळे बघतात, तुम्ही पहिल्या पानापासून वाचा.