नवरा म्हणतो, ‘वर्षभर तुझ्या पगारावर निभावू’

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या मिस्टरांना अमेरिकेतली एच-१बीवरची (कंपनीच्या अर्जावर मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावरची) नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढायची आहे. जम बसेपर्यंत घर तुमच्या पगारावर चालवायचं, असा त्यांचा हिशोब. तुम्ही शंका काढली की ‘तू पहिल्यापासून भित्रीच’ हे ठरलेलं. भित्रेपणाचं नंतर बघू. आधी तुमच्या वर्क परमिटचं कार्ड काढा आणि कॅटेगरीपुढे ‘सी२६’ छापलंय का ते बघा.

असेल, तर ते एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, मिळालेलं परमिट आहे. परमिट एच-४वर, एच-४ त्यांच्या एच-१बीवर. म्हणजे ज्या पगाराच्या भरवशावर ते राजीनामा देणार, तो पगारच त्यांच्या नोकरीला टांगलेला. हे त्यांच्या डोक्यात आलेलं नसावं. अशा घरांतली एक्सेल शीट चोख असते, फक्त व्हिसाचा रकाना राहून जातो.

एच-१बीची नोकरी सुटली की जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात. आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत राहायच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत आधी संपत असेल तर त्याहून कमी. त्या दिवसांत त्यांना काम करता येत नाही, स्वतःच्या कंपनीतही नाही.

वाट बंद आहे असं मात्र नाही. जानेवारी २०२५पासूनच्या नियमांत स्पष्ट केलंय की मालकी हक्क स्वतःकडे असलेल्या माणसालाही त्याची कंपनी एच-१बीवर घेऊ शकते. पहिली मंजुरी आणि पहिली मुदतवाढ, दोन्ही जास्तीत जास्त १८-१८ महिन्यांच्या. पण कंपनी कागदावरची चालत नाही. नियमात बसणारा पगार खरोखर द्यावा लागतो. तो अर्ज दाखल झाल्यावरच राजीनामा, हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

दुसरी वाट तुमच्या नावाने कंपनी काढायची. सी२६वर स्वतःचा व्यवसाय करता येतो. मग मिस्टरांनी नोकरीच करायची. जेवणं आटोपल्यावर ‘जरा कोडिंग करतो’ हेही चालणार नाही. तुम्हाला स्वतःला तो धंदा करायचा असेल तरच हे करा. नुसती पाटी म्हणून उभ्या राहू नका.

ग्रीन कार्डची रांग गेली, ही तुमची भीती बहुतेक अनाठायी आहे. आय-१४०, म्हणजे कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर होऊन १८० दिवस उलटले असतील, तर कंपनीने नंतर तो मागे घेतला तरी एवढ्याने रांगेतली तारीख जात नाही. मंजुरीच्या कागदाची प्रत तेवढी आत्ताच मागून ठेवा.

नोकरीसोबत मिळणाऱ्या आरोग्यविम्याचा खरा आकडाही घरातच आहे. मिस्टरांच्या डब्ल्यू-२वर (कंपनी दर वर्षी देते त्या पगार-कराच्या कागदावर) १२ क्रमांकाच्या चौकटीत ‘डीडी’पुढची रक्कम बघा, कंपनीचा आणि तुमचा वाटा धरून वर्षाला विमा केवढ्याला पडतो ते कळेल. कोब्राखाली (नोकरी सुटल्यावरही कंपनीचा विमा चालू ठेवू देणाऱ्या कायद्याखाली) तोच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण हप्ता सगळा आपला, वर २ टक्क्यांपर्यंत खर्च. पगारातून कापली जाणारी रक्कम बघायची सवय असलेल्यांना हा आकडा झोंबतो.

ऑफिसच्या लॅपटॉपवर नव्या कंपनीची एक ओळही नको, हे त्यांना आजच सांगा.

‘अडवू का?’ असं विचारलंत. अडवू नका. इमिग्रेशन वकिलाची वेळ घ्या आणि दोघं मिळून जा. मात्र मिस्टरांच्या सध्याच्या कंपनीचा वकील नको. तो बांधील कंपनीला.