बारोलो बिघडलेली नाहीये, ओतून देऊ नका

तुम्ही लिहिलंय की मिलानहून आणलेली बारोलो, म्हणजे ती इटालियन रेड वाइन, नवऱ्याच्या वाढदिवसाला उघडली, सोबत झणझणीत सुकं मटण, आणि पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी, आता उरलेली अर्धी बाटली ओतून द्यायची का. अगदी हेच आमच्याकडे झालंय हो, फरक इतकाच की आम्ही तेव्हा इटलीतल्या तोरिनोत (ट्युरिन) राहायचो, म्हणजे ही वाइन जिथे बनते तिथून गाडीने तासाभरावर, त्यामुळे लाज जरा जास्तच वाटली.

आधी नीट आठवा, कडू लागली की तुरट? कच्ची सुपारी चावल्यावर जीभ कोरडी पडून टाळूला चिकटते तसं असेल तर ती तुरट आहे आणि ती तशीच असते. बारोलो ज्या नेब्बिओलो द्राक्षाची बनते त्यात टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) भरपूर, आंबटपणाही भरपूर, रंग मात्र फिका विटकरीकडे झुकणारा, त्यामुळे वाटतं हलकी असेल, आणि तिथेच आपण फसतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत असेल तर मात्र बुचाचा दोष, मग खरंच गेली.

आमची चूक सांगते. दुकानदाराला म्हटलं मटण आहे, त्याने कसलं मटण, कसं केलंय काही न विचारता त्यातल्या त्यात नवीन सालाची बाटली हातात ठेवली, 45 युरो. नियमाने बारोलो काढणीच्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून 38 महिने थांबूनच विकायला येते, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात, म्हणून मला वाटलं पुरेशी मुरलीय. कसलं काय, ते किमान असतं, चांगल्या बाटल्या दहा-पंधरा वर्षंही आरामात थांबतात. त्यात सासूबाईंनी पाठवलेला कांदा-लसूण मसाला मी सढळ हाताने घातलेला, 14 टक्के अल्कोहोल, वर ते तिखट, घशात जाळच. मग माझी अक्कल अशी की बाटली फ्रीजरमध्ये घातली, थंड झाल्यावर ती आणखी तुरट. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन दुकानात गेले तर त्याने वास घेतला, खांदे उडवले, "ठीक आहे" म्हणाला, संपलं. काय करा हे सांगायला पैसे पडत नव्हते ना? रागाने घरी येऊन सगळी सिंकमध्ये ओतली.

ओट्यावर बशी झाकलेला एक ग्लास तेवढा राहून गेला होता. संध्याकाळी नवऱ्याने तो पार्मेजान चीजच्या तुकड्याबरोबर घेतला आणि मला हाक मारली. गुलाबाचा वास, मागे जरासा डांबरासारखा, आणि तोंड अजिबात आखडत नव्हतं. त्या सिंककडे मी नंतर किती दिवस बघत होते.

म्हणजे हवा आणि स्निग्ध पदार्थ, एवढंच. टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रोटीनला धरतं म्हणून तोंड कोरडं पडतं, मांस-चीज असलं की त्याला धरायला दुसरं काही मिळतं. तिकडचे लोक याच वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेलं बीफ खातात, नाहीतर अंड्याच्या पिवळ्या बलकाचे बारीक तायारीन नूडल्स लोण्यात. आपल्याकडे माझ्या मते (मी काही सोमेलिये, म्हणजे वाइनतज्ज्ञ, नाही, जिभेवरून सांगतेय) अळणी मटण, नळीच्या हाडांसकट, वर तूप आणि मिरं. शाकाहारी असाल तर लोण्यात परतलेले मशरूम. तांबडा रस्सा नको, सुरमई तर नकोच, मासा आणि अशी रेड वाइन मिळून लोखंड चाटल्यासारखं लागतं.

आणि रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात ते पुण्याच्या मे महिन्यात विसरा, 16 ते 18 अंश हवं. मसालेदारच खायचं असेल तर पुढच्या वेळी त्याच भागातली बार्बेरा नावाची रेड वाइन आणा, टॅनिन कमी, खिशालाही हलकी.

आत्ता बूच लावून बाटली फ्रीजमध्ये उभी ठेवा, उद्या जेवणाआधी तासभर बाहेर काढा आणि चीजबरोबर घेऊन बघा. मटण उरलं असेल तर ते भाकरीबरोबर संपवा, वाइनच्या जवळ आणू नका.